वादीत उतरण्याआधी

हरिहर गड झाला, दुगारवाडीचा धबधबा झाला, आता ओमानला निघालास, तिथल्या वाद्या बघायला. वादी म्हणजे डोंगरातलं एरवी कोरडं असणारं नदीचं पात्र. छान वाटलं ऐकून. वादी शाबला होडीने पलीकडे सोडतात, तिथून पाऊणएक तास चालायचं आणि शेवटी पोहत गुहेतल्या धबधब्यापर्यंत. नोव्हेंबर ते मार्च जा, पकड घेणारे बूट घाल. पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे.

त्र्यंबकच्या ओढ्याला पाणी येणार हे जूनपासून आपल्याला ठाऊक असतं. वादीचं तसं नाही. वर्षातला बराच काळ कोरडी, आणि ओमानमधल्या हजर पर्वताचे उघडे कातळ पाणी फारसं मुरू देत नाहीत. वर कुठेतरी तासभर पाऊस झाला की तुझ्या डोक्यावर कडक ऊन असताना लोंढा येतो. म्हणून आधी कण्हेरीकडे बघ. तिथे वादीच्या पात्रात कण्हेर भरपूर असते. तिच्या फांद्यांत पुरुषभर उंचीवर वाळकं गवत, चिंध्या अडकलेल्या दिसल्या की समज, मागचं पाणी इथवर आलं होतं.

पात्रातल्या मऊ वाळूवर तंबू टाकायचा मोह होतो. अजिबात टाकू नकोस! नितळ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, की सामान सोडून सरळ कडेला वर चढ. पात्रातून खाली पळू नकोस. आणि वाहत्या पाण्यात गाडी घालू नकोस, तिथे तो गुन्हाही आहे. निघण्याच्या सकाळी डोंगरातल्या हवामानाचा अंदाज बघ, नुसत्या मस्कतचा नको.