एफडी मोडू नका, आधी छत बघा

नागपूरच्या मानेवाडा रोडवरून एका शाळेतल्या सरांचं पत्र आलं आहे. त्यांच्या वडिलांनी २००३ साली बांधलेलं स्वतंत्र घर, दोन खोल्या, हॉल आणि किचन. वरचा मजला चढवायचं कधी जमलं नाही, त्यामुळे स्लॅब उघडाच राहिला. घरात सर, शिवणकाम करणाऱ्या वहिनी, तिसरीतली मुलगी आणि ७१ वर्षांचे बाबा. जुलैत एका ठेकेदाराने मटेरियलसकट ५,४०,००० रुपयांचं कोटेशन दिलं. त्यात छताचं वॉटरप्रूफिंग ४८,०००, आतला रंग ९२,०००, दोन्ही बाथरूम १,३५,०००, मॉड्युलर किचन १,६०,०००, हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग ५५,००० आणि पूर्ण वायरिंग ५०,०००. एवढं झेपणार नाही, म्हणून सर आणि वहिनींनी ठरवलं की व्हिडिओ बघून शिकायचं, मे महिन्याच्या सुट्टीत सगळं स्वतःच्या हाताने करायचं आणि तीन लाखांत आटोपायचं. ते विचारतात: २,६०,००० ची एफडी मोडून वर बचत खात्यातले थोडे घालू, की १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन घेऊ?

सर, दोन्ही करू नका. घराचं काम मात्र करा, आणि त्यातलं बरंचसं स्वतः करा. फक्त मे महिना, तीन लाख आणि फॉल्स सीलिंग या तीन गोष्टी डोक्यातून काढा.

आधी लोनचा हिशोब. तीन लाख, १४ टक्के, ३६ महिने म्हणजे हप्ता साधारण १०,२५३ रुपये. तीन वर्षांत तुम्ही ३,६९,००० च्या वर भरता, त्यातले ६९,००० व्याजाचे. आता स्वतः काम करून वाचतं ते पाहा. तुम्ही रंगाचा नुसता लेबर रेट वेगळा विचारून घेतलात, हे फार चांगलं केलंत: ९२,००० पैकी ५०,००० मजुरी. पण ती सगळी वाचणार नाही. छताच्या आतल्या बाजूला मान वर करून, घोडीवर उभं राहून पुट्टी ओढणं नवख्या माणसाचं काम नाही, तेवढ्यासाठी रंगारी लावाच. त्याचे १२,००० धरते. रोलर, पत्ती, पॉलिश पेपर, भाड्याची शिडी आणि पहिल्यांदा करताना वाया जाणारा माल मिळून ५,००० आणखी. म्हणजे ४२,००० च्या मटेरियलसकट रंगाला ५९,००० लागतील आणि वाचतील ३३,०००. दोघांनी दहा-बारा रविवार भिंती घासून वाचवलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त बँक व्याजापोटी घेऊन जाईल. मग स्वतः राबण्यात अर्थ काय उरला?

बँकेच्या माणसाने तुम्हाला ‘घरदुरुस्तीच्या व्याजावर टॅक्स सुटतो’ असं सांगितल्याचं लिहिलंय. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी ही सूट फक्त जुन्या करपद्धतीत आणि वर्षाला ३०,००० पर्यंतच्या व्याजाला मिळते. तुमच्या दोघांच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत तसाही कर लागत नाही. तेव्हा हा मुद्दा सोडून द्या.

एफडीबद्दल मी जरा आग्रहाने सांगते. तुमचा घरखर्च ३८,०००, स्कूटरचा हप्ता ४,२००, म्हणजे काहीही झालं तरी महिन्याला ४२,२०० लागतातच. सहा महिन्यांचे झाले २,५३,०००. तुमची एफडी जवळजवळ तेवढीच आहे. घरात शुगर आणि बीपी असलेले बाबा आहेत, तुमची नोकरी खासगी शाळेतली आहे, आणि वहिनींचं काम लग्नसराईवर चालतं. ही एफडी तुम्हाला ‘पडून असलेले पैसे’ वाटते, पण बाबांना रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यावं लागलं तर तीच कामाला येणार आहे. टाइल्समध्ये घातलेला पैसा त्या रात्री परत काढता येत नाही. काम चालू असताना मधेच अडलंच, तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त व्याज लागतं आणि एफडी जागेवर राहते. पीपीएफला तर हातच लावू नका, तो मुलीच्या शिक्षणाचा आहे.

मग पैसा कुठून? तुमच्या महिन्याच्या शिलकीतून. ६०,००० येतात, खर्च, हप्ता आणि ५,००० ची एसआयपी जाऊन १२,८०० उरतात. मे महिन्यात स्कूटरचा शेवटचा हप्ता गेला की जूनपासून १७,००० उरतील. बचत खात्यातल्या ५५,००० पैकी ३०,००० काढा. या नोव्हेंबरपासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत असे २,०४,६०० रुपये एक रुपयाचंही कर्ज न करता उभे राहतात. काम वर्षभर टप्प्याटप्प्याने होईल आणि घर वर्षभर थोडं विस्कटलेलं राहील, हा त्रास आहेच. तो सोसण्याजोगा आहे असं माझं मत आहे.

आता कोणतं काम स्वतः करायचं. मी प्रत्येक कामाला एकच प्रश्न लावते: हे माझ्या हातून बिघडलं तर काय होईल? भिंतीवर पुट्टीचे वळ उठले तर पुन्हा घासता येतात, नुकसान एका रविवाराचं. बाथरूमच्या टाइलमागचा पाइप नीट बसला नाही तर वर्षभराने टाइल फोडावी लागते. आणि वायरिंग चुकलं तर काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. ओल्या फरशीचा हॉल, पत्र्याचा कूलर आणि नीट नसलेलं अर्थिंग. तेव्हा वायरिंगला स्वतः हात लावू नका, लायसन्स असलेला माणूसच बोलवा. पण ५०,००० खर्चून घरभर वायर बदलायचीही आत्ता गरज दिसत नाही. अर्थिंग तपासून दुरुस्त करणं, मीटरनंतर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) आणि कूलर-गीझरचे पॉइंट नव्याने ओढणं, यासाठी २२,००० राखा. हे काम उन्हाळ्याआधी व्हायलाच हवं. माझ्या यादीत ते किचनच्या कितीतरी वर आहे.

पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील तुम्ही कंसात लिहून टाकला आहे. बाबांच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीला पोपडे सुटलेत आणि बोट फिरवलं की पांढरी पूड येते, म्हणून तिथे गडद रंग द्यायचा विचार आहे. सर, ती पूड म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर येताना सोबत आणलेला खार आहे. त्यावर कितीही महागाचा रंग लावा, तो टिकणार नाही. माझ्या स्वतःच्या घरात मी ही चूक केली. सणासाठी घर चांगलं दिसावं म्हणून ओलसर भिंत खरवडून पुट्टी भरली, दोन हात रंग दिला, खूप छान दिसत होतं. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी हाताएवढे फुगे आले आणि पुट्टीसकट रंग खाली पडला. पैसे गेले त्याहून जास्त वाईट त्या मेहनतीचं वाटलं. नंतर कळलं की पाणी स्लॅबवरच्या पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, कोपऱ्यातून येत होतं.

तुमचे बाबा म्हणतात ना, ‘अगोदर छताचं पाहून घे ना बाप्पा, मंग रंगव’? त्यांचं शब्दशः ऐका.

छताचं काम ठेकेदाराकडूनच करून घ्या, ४८,०००. भेगा व्ही आकारात कापून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरणं, पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यात गोलाई देणं, मग जाळी घालून कोटिंगचे दोन थर, दुसरा पहिल्याला आडवा. यात एक पायरी गाळली तरी वरून दिसत नाही, म्हणून उभं राहून करून घ्या. झाल्यावर पाण्याच्या पाइपांची तोंडं बंद करून छतावर ४८ तास पाणी तुंबवून ठेवा आणि खालून पाहा. पावसाची वाट पाहायची गरज नाही. दहा टक्के रक्कम, म्हणजे ४,८००, या चाचणीनंतरच द्या आणि हे आधीच कागदावर लिहून घ्या. कोटेशन जुलैचं आहे, ते नव्याने मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्याचा फरक दिसायला हवा. आणि आत्ताच घाई करू नका. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आहे, आमदार निवास आणि रविभवनाची रंगरंगोटी चालू असते, चांगले कारागीर तिकडे अडकलेले असतात. डिसेंबरच्या मध्यानंतर भाव आणि माणूस दोन्ही बरे मिळतील.

फॉल्स सीलिंग तुम्हाला हॉल थंड राहावा म्हणून हवंय. गळणाऱ्या स्लॅबखाली सीलिंग लावलं तर गळती दिसणारच नाही, आणि दिसेल तेव्हा पीओपीचा तुकडा सोफ्यावर पडलेला असेल. शिवाय आपल्याकडे चार महिने कूलरची ओल घरात फिरते. ते ५५,००० वाचवा. वॉटरप्रूफिंग पक्कं झालं की त्याच ठेकेदाराला विचारून, त्या कोटिंगवर चालणारा पांढरा उष्णतारोधक रंग छतावर स्वतः द्या. मार्चमध्ये, सकाळी सहा ते नऊ. लांब दांड्याचा रोलर असला की दोघांचं दोन सकाळचं काम आहे, चुकायला फारसं काही नाही, आणि स्लॅब तापणं त्यातून खरोखर कमी होतं. हा डबा तुम्ही रंगाच्या मटेरियलमध्येच धरा, त्यासाठी किचनचा रंग पुढे ढकलला तरी चालेल.

मे का नको, तेही सांगते. पारा ४५ च्या पुढे असताना पुट्टी पत्तीवरच वाळते, रोलरचे पट्टे उमटतात, आणि पंखा बंद करून बंद खोलीत भिंत घासणाऱ्या माणसाला ऊन लागतं. नागपूरचा जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा रंगासाठी उत्तम. हवा कोरडी, भिंती सुकलेल्या. मार्चपर्यंत तुमच्याकडे ९४,००० जमतात: छताचे ४८,०००, वायरिंगचे २२,०००, उरलेल्या २४,००० मध्ये हॉल आणि बाबांची खोली. बाकीचा रंग पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी.

एक काळजी मात्र घ्याच. घर २००३ चं आहे. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. तुमच्या दारं-खिडक्या आणि ग्रिलवरचा जुना ऑइलपेंट त्याआधीचा आहे, त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. पाणी मारून ओल्या पेपरने घासा, मास्क लावा, फडक्याने पुसून घ्या, आणि त्या दिवशी मुलीला आजोळी पाठवा.

बाथरूम एकच करा, बाबांचं. जूनपासून वाढलेल्या शिलकीतून ७०,००० सहज निघतील. खडबडीत फरशी, कमोडजवळ आणि दाराशी धरायला दांडी, उंबरा शक्य तितका कमी. चकचकीत टाइलचा मोह होईल, पण ७१ व्या वर्षी पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर त्या एका ऑपरेशनमध्ये हे सगळं बजेट जातं. टाइल लावण्याआधी पाइपमध्ये दाबाने पाणी सोडून रात्रभर ठेवायला सांगा.

वहिनींना वाईट वाटेल, कारण मॉड्युलर किचन मी पुरतं कापलंय. ओटा ग्रॅनाइटचा आहे आणि चांगला आहे असं तुम्हीच लिहिलंय. फुगलेत ते सिंकखालचे दोन पल्ले. लकडगंजमधून आयएस ७१० छाप असलेला, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लाय आणून तेवढेच दोन बदलून घ्या, बाकीचे पल्ले उतरवून, घासून, नव्या बिजागऱ्या लावून स्वतः रंगवा. पुढच्या नोव्हेंबरच्या शिलकीत हे बसतं. आणि त्यांच्या शिलाई मशीनजवळ एक चांगला दिवा आणि वेगळा पॉइंट या वायरिंगमध्येच करून घ्या. त्या रोज तिथे सहा तास बसतात, आणि त्या कामाचे १४,००० दरमहा घरात येतात.

या रविवारी एक करा. बाबांच्या पलंगामागची भिंत थोडी खरवडून त्यावर फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि सोमवारी सकाळी बघा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीच्या हवेतून. पाऊस जाऊन महिना उलटल्यावरही आत थेंब दिसले, तर त्या भिंतीपलीकडे बाथरूमचा पाइप आहे का तेही पाहून मला कळवा. तसं असेल तर बाथरूम आधी आणि रंग नंतर, असा वरचा सगळा क्रम मी तुम्हाला बदलून देईन.