जर्मनीत भारतीय पुढे, तुर्की मागे: आकडा खरा, अर्थ वेगळा

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी: चाकणला एम्बेडेडमध्ये आठ वर्षं झाली, स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची वर्षाला ६२ हजार युरोंची ऑफर हातात आहे, पत्नी डेंटिस्ट, मुलगी चार वर्षांची. तुमच्या वाचनात आलं की जर्मनीत भारतीयांचा पगार खुद्द जर्मनांपेक्षा जास्त आहे, आणि साठ वर्षांपासून तिथे असलेले तुर्की लोक अजून खालच्या पायरीवरच आहेत. म्हणून विचारलंत, "म्हणजे आपल्या लोकांना तो देश मानवतो ना? मग डोळे झाकून यावं का?"

या जरूर, पण डोळे उघडे ठेवून. ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा इथे राहण्या-काम करण्याचा परवाना, नवं नवं होतं तेव्हा मी इथे आलो आणि तेव्हापासून याच भागात आहे. तुम्ही वाचलेला आकडा माझ्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर वर्षी फिरतो, खाली तिरंग्याच्या इमोजींची रांग असते. आकडा खोटा नाही. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकांचा मध्य पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) महिन्याला पाच हजार युरोंच्या वर आहे, जर्मन नागरिकांचा चार हजारांच्या थोडा वर, आणि तुर्की नागरिकांचा त्याहूनही कमी. पण त्यात कोण मोजलं गेलंय ते बघा. फक्त पूर्णवेळ नोकरी करणारे. घरी बसलेली आपली एमटेक झालेली वहिनी त्यात नाही. रात्री सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवणारा मास्टर्सचा मुलगा त्यात नाही. आणि मोजणी पासपोर्टवरून होते. ज्या तुर्की माणसाने जर्मन नागरिकत्व घेतलं तो त्या यादीतून बाहेर पडून 'जर्मन' रकान्यात जातो. ज्यांचं बस्तान नीट बसलं, त्यांतलेच बरेच जण नागरिकत्व घेतात. मग तुर्की रकाना कसा फुगणार?

आता मुळाशी जाऊ. ३० ऑक्टोबर १९६१ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला. इस्तंबूलमध्ये जर्मन सरकारने भरतीचं ऑफिस थाटलं. तिथे माणसांना गटागटाने उभं करून दात, फुप्फुसं, लघवी तपासायचे. खाणीत आणि फाउंड्रीत टिकेल असं शरीर हवं होतं. निवड झालेले आगगाडीने म्युनिकच्या ११ नंबरच्या फलाटावर उतरायचे आणि तिथून कोळशाच्या खाणी, गाड्यांचे कारखाने, कापडगिरण्या असे वाटले जायचे. त्यांच्यात चांगले कारागीरही होते, पण मागणी अंगमेहनतीची होती. सुरुवातीला दोन वर्षांनी परत जायचं आणि जागी दुसरा यायचा असा बेत होता. तयार झालेला माणूस घालवून नवा शिकवणं मालकांनाच परवडेना, म्हणून १९६४मध्ये ती अट काढली. तेलाच्या भाववाढीत, नोव्हेंबर १९७३मध्ये, भरतीच बंद झाली. मग आत असलेल्यांनी ओळखलं की आता परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, आणि त्यांनी बायका-मुलांना बोलावून घेतलं.

त्यानंतर जे झालं, त्यात आजच्या त्या आकड्याचं बरंचसं उत्तर आहे. हे लोक राहणार आहेत हे जर्मनीने कितीतरी वर्षं मान्यच केलं नाही. काही राज्यांत तुर्की मुलांचे वर्ग वेगळे भरवले जायचे, कारण 'उद्या हे गावी जाणारच आहेत'. १९८३मध्ये सरकारने परत जाणाऱ्यांसाठी पैसे देऊ केले: बंद पडलेल्या किंवा मंदावलेल्या कारखान्यातल्या कामगाराला १०,५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क. जो गेला त्याला पेन्शनमधला स्वतःचा हिस्सा परत मिळाला, मालकाने भरलेला हिस्सा बुडाला. इथे जन्मलेल्या परदेशी मुलाला जन्मतःच नागरिकत्व मिळण्याची सोय २००० साली आली, तीही आईबापांच्या वास्तव्याची अट घालून. आणि सरकारी खर्चाने भाषा शिकवण्याची देशभराची योजना आली २००५मध्ये. पहिली गाडी आल्यानंतर ४४ वर्षांनी! तोवर खाणी बंद पडत चालल्या होत्या, गिरण्या गेल्या होत्या आणि बाप ज्या कामासाठी आला ते कामच उरलं नव्हतं. गिरणगावाचं काय झालं हे माहीत असलेल्या मराठी माणसाला यापुढचं मी सांगायला नको.

आपलं दार दुसरं. २००० साली चान्सलर श्रॉडर यांच्या सरकारने आयटीवाल्यांसाठी ग्रीन कार्ड नावाचा कामाचा परवाना काढला. त्या वेळी एका राज्याच्या निवडणुकीत 'भारतीयांऐवजी आपली मुलं' अशा अर्थाची घोषणा गाजली होती, हेही लक्षात असू द्या. आपलं स्वागत काही फुलं उधळून झालेलं नाही. २०१२मध्ये ब्लू कार्ड आलं. त्याला सहसा पदवी लागते आणि पगाराची किमान अट असते: २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो, तुटवड्याच्या क्षेत्रांत ४३,७५९. दारातच पगाराची चाळणी लावली की आत आलेल्यांचा मध्य पगार वरच दिसणार, यात हुशारीचा भाग कमी आणि चाळणीचा जास्त. पडताळून बघायचं असेल तर आज इस्तंबूलहून ब्लू कार्डवर येणारे तुर्की इंजिनिअर बघा. आमच्या टीममध्ये आहेत, आमच्याइतकाच पगार घेतात. उलट साठ-सत्तरच्या दशकांत चर्चच्या ओळखीने केरळमधून नर्सेस आल्या, त्या भारतीयच. त्यांच्या मागून आलेल्या नवऱ्यांना कित्येक वर्षं कामाची परवानगी नव्हती. शिकलेली माणसं घरी मुलं सांभाळत बसली. देश तोच, आपणही तेच, फक्त नियम वेगळा.

एक शेजारी आहे माझा. बाप १९७०च्या सुमाराला अनातोलियातल्या खेड्यातून फाउंड्रीत आला. हा इथेच जन्मला, दहावीनंतर कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस लागला, पुढे माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा दिली आणि आता प्रेस शॉपची शिफ्ट सांभाळतो. एकदा टॅक्सच्या कागदांवरून बोलणं निघालं आणि आम्ही दोघांनी पगारचिठ्ठ्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. मी तेव्हा एका सर्व्हिस कंपनीमार्फत मोठ्या कारखान्यात बसत होतो: करार ४० तासांचा, पगार वाटाघाटीचा. त्याचा करार युनियनचा, आय.जी. मेटालचा: ३५ तास, रात्रपाळीचा भत्ता, सुट्टीचा वेगळा पैसा, नाताळचा वेगळा. त्याची चिठ्ठी माझ्यापेक्षा जड होती. शिवाय बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अर्धवेळ, घराचं कर्ज फिटत आलेलं, मेव्हण्याचं भाजी-किराण्याचं दुकान (आपली मेथी आणि कोथिंबीर मी तिथूनच आणतो). मी मात्र इथे भाडं भरत होतो आणि वाकडच्या फ्लॅटचा हप्ताही भरत होतो. त्याचा पासपोर्ट जर्मन आहे, म्हणजे तुमच्या त्या आकड्यात तो जर्मनांच्या रकान्यात भर घालतो आणि मी भारतीयांच्या. त्याच्या वडिलांचं पेन्शन मात्र तुटपुंजं आहे, तेही खरं. तुर्की समाजात असे म्हातारे पुष्कळ आहेत. आपल्यात ते जवळपास नाहीतच, कारण आपण सगळे तिशी-चाळिशीतले. तरुण समाजाची तुलना तीन पिढ्यांच्या समाजाशी करून छाती फुगवण्यात काय अर्थ आहे?

म्हणून ऑफर लेटरमध्ये मी सगळ्यात आधी बघेन ते ६२ हजारांचा मालक कोण हे. गाडी बनवणारी किंवा मोठे सुटे भाग बनवणारी मूळ कंपनी, की तिला माणसं पुरवणारी? स्टुटगार्ट भागातले आपले बरेच इंजिनिअर दुसऱ्या प्रकारात आहेत. चांगल्या दिवसांत फरक कळत नाही. पण गाड्यांच्या धंद्याला सध्या ओहोटी आहे. बॉशने सप्टेंबर २०२५मध्ये आणखी १३ हजार नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं. अशा वेळी कात्री आधी बाहेरून आलेल्या माणसांवर चालते. युनियनच्या करारातला कामगार, तुर्की असो की जर्मन, शेवटी जातो आणि जाताना चांगली रक्कम घेऊन जातो. ब्लू कार्डवरच्या माणसाची नोकरी गेली की त्याच्या व्हिसाचंही घड्याळ सुरू होतं. पर्मनंट रेसिडेन्स २७ महिन्यांनी मिळतो, जर्मन भाषेची बी१ पातळी (ए१ ते सी२ या पायऱ्यांतली तिसरी) असेल तर २१ महिन्यांनी. हा सहा महिन्यांचा फरक मी तरी फुकट घालवला नसता.

आता तुमचा हिशोब. पत्नीला सुरुवातीला नोकरी नसेल आणि तुम्ही टॅक्स क्लास ३ (जोडप्यातल्या मुख्य कमावत्याचा कमी कर कापणारा वर्ग) घेतलात, तर ६२ हजारांतले महिन्याला साधारण साडेतीन हजार हातात येतील. स्टुटगार्टच्या आसपास दोन बेडरूमचं घर हीटिंग धरून १,४०० ते १,८००. तीन भाड्यांपर्यंत डिपॉझिट. आणि हसू नका, पण बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती आणि एक नळ असतो. ओटा, कपाटं, शेगडी तुम्ही आणायची. मुलीचा बालभत्ता महिना अडीचशे युरोंच्या थोडा वर मिळेल. इथल्या बालवाडीला पैसे पडतात (बर्लिनमध्ये पडत नाहीत), आणि पैशापेक्षा जागा मिळणं अवघड. घर चालेल, थोडी शिल्लकही पडेल. पण पुण्यात दोघं कमावता, इथे निदान पहिली काही वर्षं एकच पगार. माणशी तुलना न करता घराची करा, मग उडी दिसते त्यापेक्षा बरीच लहान निघेल.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न पत्नीचाच आहे, आणि तो तुम्ही एका ओळीत उरकलात. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि कुठलीही नोकरी करता येते, हे बरोबर. पण डेंटिस्टला प्रॅक्टिससाठी इथलं लायसन्स लागतं. आधी भाषा, मग सी१ पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा, आणि आपली बीडीएस इथल्या पदवीच्या तोडीची धरली नाही तर वर ज्ञानाचीही परीक्षा. भारतातून निघण्याआधी बी१ झालेलं असेल तर हे जमण्यासारखं आहे. इथे येऊन ए१पासून, घर लावत, मुलीला रुळवत सुरू केलं तर वर्षं कशी जातात कळत नाही. आमच्या गणपतीत अशा डेंटिस्ट आणि होमिओपॅथ ताया भेटतात. उकडीचे मोदक अप्रतिम करतात आणि डिग्रीचा विषय काढला की ताट वाढायला उठतात.

मुलीबद्दल. या राज्यात चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात: गिमनाझिउम विद्यापीठाकडे नेतं, बाकीच्या शाळा आधी कारखाना-दुकानाच्या कामाकडे. पुढे वाट बदलता येते, पण चढ आहे. तुर्की मुलांची पहिली पिढी याच वळणावर मागे पडली, कारण घरी जर्मन नव्हतं आणि शाळेच्या पालकसभेत बोलणारं कोणी नव्हतं. तुमची मुलगी चारची आहे, हे सर्वांत चांगलं वय. घरी मराठीच बोला, पण बालवाडी जर्मन घ्या. इंटरनॅशनल स्कूलच्या मागे लागू नका, ती फी ६२ हजारांत बसत नाही.

पत्रात शेवटी तुम्ही धाकट्या भावाला मास्टर्सला पाठवण्याचं म्हटलंय, त्याबद्दल थोडं वेगळं सांगतो. २०२३-२४मध्ये इथे ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. त्यांच्या दाराला पगाराची चाळणी नाही. व्हिसासाठी खात्यात ११,९०४ युरो अडकवायचे, वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा, शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने. सरकारी विद्यापीठातला, जर्मन येणारा मुलगा यातून व्यवस्थित वर येतो. एजंटने इंग्रजी माध्यमाच्या महागड्या खासगी कॉलेजात घातलेला आणि घरचं कर्ज फेडायला डिलिव्हरी करणारा मुलगा बघितला, की मला १९६५चा तुर्की कामगार आठवतो. त्याला निदान पहिल्या दिवसापासून करार होता.

सही करण्याआधी कंपनीकडून हे लेखी मागा: करार बेमुदत आहे का, युनियनचा दर लागू आहे का, आठवड्याचे तास किती, प्रोजेक्ट संपला तर काय, आणि भाषेच्या क्लासचे पैसे पत्नीसाठीही देतील का. शेवटचं मागितलं तर बहुतेक वेळा देतात, मागत मात्र कोणी नाही. पेन्शनची काळजी करू नका. भारत-जर्मनी करार मे २०१७पासून लागू आहे, दोन्हीकडची वर्षं धरली जातात. आणि उत्तर यायची वाट न बघता पत्नींचं नाव पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या क्लासला घालून टाका, तिथल्या बॅचेस पटापट भरतात.