वाचकांचे प्रश्न : ट्रेड फसला, हे केव्हा ठरवायचं?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा भाचा कॅल्गरीला नोकरीला आहे. त्याच्यामुळे मलाही आइस हॉकीची गोडी लागली. पण २०२२ साली कॅल्गरी फ्लेम्सने मॅथ्यू तकाचुक फ्लोरिडाला देऊन जोनाथन ह्युबरडो घेतला, त्यावरून आमचं दर रविवारी फोनवर वाजतं. तो म्हणतो, कॅल्गरीने आपल्या हाताने आपलं वाटोळं करून घेतलं. मी म्हणतो, त्या दिवशी तूच क्लबचं कौतुक करत होतास, आता निकाल बघून शहाणा झालास. आमच्यात बरोबर कोण?
— एक वाचक, दौलतगंज, ग्वाल्हेर

उत्तर : भाऊ, ट्रेडपुरतं, म्हणजे दोन क्लबांतल्या खेळाडूंच्या त्या अदलाबदलीपुरतं, तुमचं बरोबर आहे. कॅल्गरीचं नुकसान झालं हेही खरंच, पण भाचा बोट दाखवतोय चुकीच्या कागदाकडे.

आधी त्या दिवसांत क्लब कुठे उभा होता ते बघा. हंगाम झकास गेलेला, गुणतक्त्यात १११ गुण, गटात पहिला नंबर. आणि जुलैत त्यांचा जॉनी गॉड्रो, करार संपल्यामुळे, मुक्त खेळाडू म्हणून कोलंबसला निघून गेला. त्याच्या बदल्यात क्लबच्या हाती काही म्हणजे काही आलं नाही. पाठोपाठ तकाचुकने कळवलं की मी इथे लांब मुदतीचा करार करणार नाही. म्हणजे तकाचुकला ठेवावं की द्यावं, असा प्रश्न उरलाच नव्हता. आज देऊन काहीतरी पदरात पाडून घ्यायचं, की वर्षभराने तोही गॉड्रोसारखा फुकट जाऊ द्यायचा, एवढंच ठरवायचं होतं. ट्रेडचा न्याय करताना हा हात दगडाखाली किती अडकला होता ते आधी विचारावं. ‘त्यापेक्षा ह्याला ठेवला असता तर’ ही तुलना इथे लागूच होत नाही.

मोठा ट्रेड झाला की मी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवते. डाव्या पानावर फक्त त्या दिवशी ठाऊक असलेलं लिहायचं, उजवं पान पुढच्या वर्षांसाठी कोरं. आपल्याकडे २३ जुलैची सकाळ होती, तिकडे २२ ची रात्र. डाव्या पानावर आहे ते असं : ‘तकाचुक, वय २४, १०४ गुण. आठ वर्षांचा करार करूनच फ्लोरिडाला, वर्षाला ९५ लाख डॉलर. ह्युबरडो, वय २९, ११५ गुण, त्यांत ८५ असिस्ट. करार एकच वर्ष उरलेला. वीगर, डिफेन्स, वय २८, त्याचंही एकच वर्ष. वर एक तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीचा पिक. अडलेल्या क्लबला एवढं मिळालं, छान. दोघांची वयं विसरू नयेत.’ (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल आणि असिस्ट यांची बेरीज; असिस्ट म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास. पिक म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत खेळाडू उचलायचा हक्क.)

त्या पानावरून आजही मी तोच निर्णय देईन. कॅल्गरीने चांगला सौदा केला. फ्लोरिडानेही केला, कारण त्यांना पाच वर्षांनी तरुण माणूस आठ वर्षांसाठी मिळाला. एकाचा फायदा झाला म्हणजे दुसरा फसलाच पाहिजे, असं काही नसतं.

घोळ झाला तो नंतर. ऑगस्टच्या सुरुवातीला, ह्युबरडो कॅल्गरीकडून एकही सामना खेळायच्या आत, क्लबने त्याच्याशी आठ वर्षांचा, ८ कोटी ४० लाख डॉलरचा नवा करार केला. वर्षाला १ कोटी ५ लाख, आणि सुरुवात २०२३-२४ पासून, म्हणजे गडी तिशीचा झाल्यावर. त्या हंगामात क्लबला पगारावर खर्चता येणारी कमाल रक्कम, ज्याला कॅप म्हणतात, होती ८ कोटी ३५ लाख. एकट्या माणसाच्या नावावर आठवा हिस्सा, तोही तो ३८ वर्षांचा होईपर्यंत! कॅल्गरीतल्या पहिल्याच हंगामात, २०२२-२३ ला, त्याचे गुण ११५ वरून ५५ वर येतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्याचा दोष मी कुणाला देणार नाही. पण त्याचं वय करारावर सही करतानाही २९ च होतं आणि हातात आणखी एक वर्ष होतं. थोडं थांबून त्याला खेळताना बघता आलं असतं. हा दोष निकालाच्या आधीच दिसत होता.

तेव्हा भाच्याला सांगा, ट्रेड आणि करार हे दोन वेगळे निर्णय आहेत, दोन वेगळ्या दिवशी घेतलेले. पहिल्याच्या माथी दुसऱ्याचं पाप मारू नकोस. फ्लोरिडा २०२३ ला अंतिम फेरीत गेला, २०२४ आणि २०२५ ला एडमंटनला हरवून कप (स्टॅनले कप, म्हणजे एनएचएल या लीगचं अजिंक्यपद) घेऊन गेला, हे सगळं माझ्या उजव्या पानावर आहे. आनंदाने लिहिलंय, तकाचुक माझ्या फार आवडीचा. पण त्यातली एकही ओळ डाव्या पानावर नेता येत नाही.

आता तुमच्यासाठीही एक गोष्ट. ‘त्या दिवशी कुणाला काय ठाऊक होतं’ असं म्हणून सगळ्यांनाच सोडून देऊ नका. काही ट्रेड त्याच दिवशी वाईट असतात. २ डिसेंबर १९९५ ला मॉन्ट्रियल घरच्या मैदानावर डेट्रॉइटकडून ११-१ असं हरलं. गोलरक्षक पॅट्रिक रुआवर नऊ गोल होईपर्यंत प्रशिक्षकाने त्याला बाहेर घेतलं नाही. शेवटी बाहेर आला तेव्हा तो प्रशिक्षकाच्या समोरून निघाला, मागे बसलेल्या क्लबच्या अध्यक्षांपाशी गेला आणि म्हणाला की मॉन्ट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना. अवघ्या चार दिवसांत, ६ तारखेला, त्याला कर्णधार माइक कीनसकट कोलोरॅडोला देऊन टाकलं. आले जोसलिन तिबो, मार्टिन रुचिन्स्की आणि आंद्रेई कोवालेन्को. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एखादं घराणं वाडा विकायला निघालं आणि बाजाराला कळलं की महिन्याभरात विकणं भागच आहे, की जो भाव येतो, तोच मॉन्ट्रियलला आला. रुआने त्याच हंगामात, १९९६ ला, कोलोरॅडोसाठी कप जिंकला, २००१ ला पुन्हा. समजा दोन्ही वेळा तो हरला असता, तरी मी त्या व्यवहाराला वाईटच म्हटलं असतं. जगातल्या उत्तम गोलरक्षकांपैकी एकाला रागाच्या भरात आणि घाईने विकायला काढलं, हे त्या आठवड्यात सगळ्या लीगला ठाऊक होतं.

प्रश्न : वेन ग्रेट्झ्कीला विकल्यावरही एडमंटनने १९९० साली कप जिंकला. उलट लॉस एंजेलिसला त्याच्या काळात एकही कप मिळाला नाही. मग तो ट्रेड एडमंटनच्याच फायद्याचा झाला असं म्हणायला काय हरकत आहे?
— एक वाचक, जिवाजीगंज, ग्वाल्हेर

उत्तर : हरकत आहे, आणि मोठी आहे. पण आधी तुमच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलते, कारण ते फार थोडे लोक सांगतात.

९ ऑगस्ट १९८८ ला ग्रेट्झ्की, मार्टी मॅक्सॉर्ली आणि माइक क्रुशेलनिस्की लॉस एंजेलिसला गेले. (हेच ते शहर, जिथे १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंगांनी अमेरिकेवर दहा गोल चढवले होते. ते मैदानी हॉकीचे दिवस, पण ग्वाल्हेरकरांना ते विसरून कसं चालेल.) एडमंटनला मिळाला जिमी कार्सन, विशीतला, आदल्याच हंगामात ५५ गोल केलेला. शिवाय अठरा वर्षांचा मार्टिन जेलिना, १९८९, ९१ आणि ९३ चे पहिल्या फेरीचे पिक, आणि दीड कोटी डॉलर रोख.

कार्सन एडमंटनमध्ये रमला नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्याला डेट्रॉइटला दिलं आणि तिकडून आले जो मर्फी, अॅडम ग्रेव्ह्ज आणि पेत्र क्लिमा. जेलिना, मर्फी आणि ग्रेव्ह्ज या तिघा पोरांची फळी १९९० च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, अशी काही पळाली की बघत राहावं. आणि क्लिमा! बॉस्टनविरुद्ध अंतिम फेरीचा पहिला सामना २-२ वर अडला, एक जादा डाव संपला, दुसरा संपला. क्लिमा बहुतेक वेळ बाकावरच बसून. सगळ्यांचे पाय जड झालेले असताना तिसऱ्या जादा डावात प्रशिक्षकांनी त्याला आत सोडलं आणि ताज्या पायांच्या त्या गड्याने गोल मारला. ३-२. म्हणजे ग्रेट्झ्कीच्या मोबदल्याचा धागा त्या गोलपर्यंत पोचतो, हे मान्य.

पण संघाचा कणा होता मार्क मेसियर आणि यारी कुरी, आणि ते आधीपासूनच तिथे होते. त्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला गोलरक्षक बिल रॅनफर्ड, तो बॉस्टनशी झालेल्या वेगळ्याच व्यवहारातून आलेला. चांगल्या संघातून सर्वात मोठा खेळाडू काढला तरी उरलेला संघ चांगला असू शकतो, एवढंच १९९० ने दाखवलं. त्या कपाचं पुण्य १९८८ च्या कागदाच्या खात्यात जमा करता येत नाही. तो कागद एडमंटनचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांना पैसा हवा होता म्हणून झाला. पाच वर्षांत चार कप जिंकून दिलेला सत्तावीस वर्षांचा ग्रेट्झ्की, त्याच्या तोडीचं दुसऱ्या कुठल्याही क्लबकडे काही नव्हतंच. हॉकीचा व्यवहार म्हणून मी तो वाईट म्हणते.

लॉस एंजेलिसबद्दलही घाई नको. १९९३ ला ते अंतिम फेरीत मॉन्ट्रियलकडून हरले, त्यांचा पहिला कप आला थेट २०१२ ला. पण ग्रेट्झ्की आल्यावर कॅलिफोर्नियात लोक या खेळाला गर्दी करायला लागले, १९९१ ला सॅन होजे आणि १९९३ ला अॅनाहाइम असे दोन नवे संघ उभे राहिले. नुसते कप मोजणाऱ्याच्या हिशेबात हे येतच नाही.

‘पुढे कप आला ना, मग झालं’ हा युक्तिवाद बॉस्टनवालेही करतात. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांनी जो थॉर्नटनला सॅन होजेला दिलं आणि तिघेजण घेतले. थॉर्नटनने त्याच हंगामात १२५ गुण केले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या उन्हाळ्यात मोकळ्या झालेल्या पैशातून बॉस्टनने झडेनो चारा आणला, २०११ ला चाराच्याच नेतृत्वाखाली कप जिंकला. छानच झालं. पण चाराला निवडण्याचं श्रेय चाराला निवडणाऱ्यांचं. थॉर्नटनच्या बदल्यात जे मिळालं ते फार कमी होतं, आणि ते कमीच राहील.

जाता जाता एक गंमत, मला स्वतःला फार आवडणारी. एडमंटनला मिळालेल्या १९९१ च्या पिकवर त्यांनी निवडला मार्टिन रुचिन्स्की. वर रुआच्या बदल्यात मॉन्ट्रियलला गेला, तोच हा! मध्ये तो क्वेबेकला पोचला होता, आणि तो क्लब १९९५ ला डेन्व्हरला जाऊन कोलोरॅडो झाला. त्याच्याबरोबर गेलेला तिबो हा क्वेबेकला १९९२ साली एरिक लिंड्रॉस देऊन मिळालेल्या पिकवर निवडलेला. ग्रेट्झ्की, लिंड्रॉस आणि रुआ, त्या काळातले तीन सर्वात गाजलेले व्यवहार, आणि तिन्हींचे धागे एकाच ठिकाणी गुंतलेले. म्हणूनच ‘हा ट्रेड कोण जिंकलं’ याचं उत्तर कुणी एका ओळीत दिलं की माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

प्रश्न : ताई, मी ग्वाल्हेरला मैदानी हॉकी खेळते. आपल्याकडे ट्रेड नाही, हॉकी इंडिया लीगचा लिलाव असतो. तिथेही असाच विचार करायचा का?
— एक खेळाडू, मुरार

उत्तर : हो बाळा, फक्त आकड्याकडे बघताना थैलीही, म्हणजे संघाला लिलावात खर्चता येणारी एकूण रक्कमही, बघ. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले, पण पुरुष संघाची थैली ४ कोटींची होती. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा एका माणसावर. उदिताला ३२ लाख मिळाले, महिला संघाची थैली २ कोटींची, म्हणजे सहावा हिस्सा. नुसते आकडे शेजारी ठेवले तर ती निम्म्याहूनही स्वस्त वाटेल. तिच्या संघाने तिला किती मोलाची मानली ते थैलीशी ताडल्यावर कळतं. शिवाय बोली लागते तेव्हा समोर किती संघांकडे पैसे उरलेत यावरही भाव हलतो. शेवटच्या तासात चांगली खेळाडू कमी भावात जाते, त्यात तिच्या खेळाचा काही दोष नसतो. कुणाला कमी बोली लागली म्हणून तिला कमी लेखू नकोस, तुझ्या मैत्रिणींपैकी कुणाची असेल तर मुळीच नाही.

त्या लिलावात प्रत्येक संघाला २४ जणी घ्यायच्या होत्या आणि त्यांत चार ज्युनियर असायलाच हव्या होत्या. तुझं वय तू लिहिलं नाहीस. ज्युनियरमध्ये बसत असशील तर आधी त्या चार जागांचा अभ्यास कर. कोणत्या संघाने त्या जागांवर बचावपटू घेतल्या, कुणी फॉरवर्ड, आणि त्यांतल्या किती जणींना प्रत्यक्ष मैदानावर उतरवलं, हे सगळं लिहून काढ आणि तुझी जागा कोणती तेही मला कळव. पुढच्या अंकात त्यावरच बोलू.