'गर्भपात' नव्हे, 'उपजत मृत्यू'

प्रश्न : आतेबहिणीचं बाळ तिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. रजेच्या अर्जात 'गर्भपात' लिहायचं का? आणि भेटायला गेल्यावर तिला काय म्हणावं?

'गर्भपात' मुळीच लिहू नका. गेलेल्या प्रत्येक बाळाला हा एकच शब्द चिकटवलेला ऐकून वीट आला आहे. सुश्रुतानेही चौथ्या महिन्यापर्यंत 'स्राव' आणि पाचव्या-सहाव्यात 'पात' असा भेद केला होता. रजेचा कायदा सव्विसाव्या आठवड्याअखेरपर्यंतच गर्भपात मानतो. त्याची पगारी रजा ६ आठवडे. त्यापुढे बाळ मृत जन्मलं तरी ती प्रसूतीच, आणि हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर रजा २६ आठवडे. अर्जातल्या एका चुकीच्या शब्दापायी बाईचे २० आठवडे जातात.

जन्म-मृत्यू नोंदणीत २८ आठवड्यांपासून पुढे 'उपजत मृत्यू' असं लिहितात. फार नेमका शब्द. 'उपजणे' हे 'उप + जन्'पासून आलं, असं ठासून सांगणारे भेटतात. ते साफ चूक आहे. दोन स्वरांमधला एकटा 'प' मराठीत येईतो 'व' होतो : दीप-दिवा, नापित-न्हावी. टिकतो तो जोडाक्षरातला 'प' : सर्प-साप, कर्पूर-कापूर. म्हणजे मूळ 'उत्पद्यते'च. 'त्प'चा 'प्प' होऊन 'प' उरला, 'द्य'चा 'ज' झाला, जसं अद्य-आज, विद्युत्-वीज. शेतातली 'उपज' आणि 'उत्पन्न' ही सख्खी भावंडं. आणि यातला 'उत्' म्हणजे वर, 'पद्' म्हणजे पाऊल टाकणं, जाणं. बाळ वर आलं, बाहेर आलं, हे 'उपजत' मान्य करतं. शुद्धिवाद्यांचा 'मृतजन्म' मात्र 'मृत'पासूनच सुरू होतो. आईबापांसमोर तो उच्चारून पाहा, मग आग्रह धरा.

राहिलं भेटीचं. 'दुसरं होईल' म्हणू नका. नाव ठेवलं होतं का विचारा; ठेवलं असेल तर त्याच नावाने बोला, आणि बाळाच्या बाबांशीही बोला. तुमची बहीण बाळंतीण आहे, हे घरच्यांना सांगा. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध येतं, छाती दगडासारखी होते. नीट बसणारी, न आवळणारी ब्रा आणि गार पट्ट्या ठेवाव्यात. दूध काढायचं ते ठणका कमी होण्यापुरतंच. सगळं काढलं की आणखी तयार होतं. छाती लाल झाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.