बिलाची दुसरी ओळ आणि उरलेले ११ दिवस

जुना फिश टँक घेतला, काचेला तडा होता, दुकानदार म्हणाला सिलिकॉन मारून देतो, काही महिन्यांनी टँक फुटला, आता नुकसान कोण भरणार. हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की एकदा नीट लिहायलाच हवं. यावेळी विचारलंय डोंबिवलीच्या एका दादांनी. चार फूट बाय दीड बाय दीडचा टँक, ॲक्वेरियमच्या दुकानातून ६,५०० ला घेतला, पुढच्या काचेला खालच्या कोपऱ्यात बोटभर तडा, त्याच्या दुरुस्तीचे १,५०० वेगळे. तीन महिन्यांनी रात्री दोनच्या सुमाराला काच गेली, हॉलभर पाणी, मासे मेले, सोफा आणि टीव्ही युनिट फुगलं आणि खालच्या काकांच्या छताच्या पीओपीचा तुकडा खाली आला. काका ८५,००० मागतायत. दुकानदार बिलावर छापलेली ओळ दाखवतो, "जुना माल पाहून घेतला आहे, तक्रार चालणार नाही". आणि दादा शेवटी विचारतात की टँक बाल्कनीत पडून आहे, मुलगी मागे लागलीय, परत सिलिकॉन मारून वापरला तर चालेल का.

दादा, तुम्ही चार पानं लिहिलीत पण बिलाचा फोटो सगळ्यात शेवटी जोडलात, आणि सगळी केस त्या बिलातच आहे. पहिली ओळ "जुना टँक ६,५००". ती सोडून द्या. तडा तुम्ही पाहिला होता, त्यावर बोट ठेवून ५०० कमी करून घेतले हे तुम्हीच लिहिलंय. माल विक्री कायदा १९३० च्या कलम १६ मध्ये स्पष्ट आहे की माल तपासून घेतला असेल तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल नंतर दर्जाची तक्रार करता येत नाही. "पाणी भरून मासे ठेवायचेत हे सांगूनच घेतला, दुकानदाराच्या माहितीवर विसंबलो" असा मुद्दा त्याच कलमात आहे, तो आपण मांडू, पण त्याच्यावर मी केस उभी करणार नाही.

मी उभी करेन दुसऱ्या ओळीवर. "काच रिपेअर + लीक टेस्ट १,५००". हाताने लिहिलंय, वेगळी रक्कम, खाली सही. हा माल नाही, हे पैसे घेऊन केलेलं काम आहे, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवा. आणि छापील ओळ काय म्हणते, "माल पाहून घेतला". काम पाहून घेतलं असं कुठेच नाहीये. ज्याचा धंदाच टँक विकायचा आणि दुरुस्त करायचा आहे त्याने तडा गेलेली काच न बदलता वरून सिलिकॉन आणि काचेची एक पट्टी चिकटवून दिली, वर लीक टेस्ट केली म्हणून लिहून दिलं, ही सेवेतली त्रुटी आहे असं आपलं म्हणणं. दुकानदार म्हणेल की दुरुस्ती हा विक्रीचाच भाग होता. म्हणू दे. मग दोन वेगळ्या ओळी आणि दोन वेगळ्या रकमा का लिहिल्या याचं उत्तर त्याला द्यावं लागेल.

आता ज्याने मला हे वाचताना धडकी भरली ते सांगते. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत २ वर्षं, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ६९. तुम्ही निवांत लिहिता की फुटून २१ महिने झाले, अजून वेळ आहे. पण कधीपासून मोजायचं? माझं म्हणणं असेल की काच फुटली त्या रात्रीपासून, कारण तोपर्यंत काम खराब आहे हे तुम्हाला कळायचा मार्गच नव्हता. समोरचा वकील म्हणेल काम खराब झालं ते दुरुस्तीच्या दिवशी, म्हणून बिलाच्या तारखेपासून मोजा. आणि बिलाच्या तारखेला येत्या २७ ला २ वर्षं पूर्ण होतायत. आज १६. म्हणजे ११ दिवस, आणि २७ ला रविवार आहे. उशीर माफ करायची सोय त्याच कलमात आहे, पण त्याला पटेल असं कारण लागतं, आणि "दुकानदार बघतो म्हणाला होता" याला मी तरी कारण म्हणणार नाही. हा वाद जिंकण्यापेक्षा तो होऊच न देणं तुमच्या हातात आहे.

इतके महिने तुम्ही त्याला व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगसारखी आठवण करत राहिलात आणि तो "काचवाल्याशी बोलतो", "दिवाळीनंतर बघू" असं टाकत राहिला. त्याने मुदत थांबत नाही. हे मी प्रत्येकाला सांगते आणि तरी प्रत्येक जण हेच करतो, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बाजू खरी असलेला माणूस फक्त तारखेवर हरतो. आणि आता वकिली नोटीस पाठवून १५ दिवस वाट बघू नका. तक्रारीआधी नोटीस पाठवायची सक्ती कायद्यात नाही. पाठवायचीच तर तक्रार दाखल केली त्याच दिवशी पाठवा.

दाखल ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात होईल, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दुकान कुठे आहे याने अडत नाही. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन होतं, एवढ्या रकमेला फी नाही. बिल, फोटो, चॅट, झालेल्या खर्चाच्या पावत्या आणि तुमचं प्रतिज्ञापत्र. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट नकोत, भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ खालचं, चॅट कोणत्या फोनमधून कसं काढलं ते सांगणारं प्रमाणपत्र जोडा, आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतका काटेकोर नसतो पण समोरच्याला बोट दाखवायला जागा ठेवू नये. नंतर किती वेळ लागेल ते मात्र विचारू नका. कायद्यात लिहिलंय ३ महिन्यांत निकाल, माझ्याकडच्या फाइली दीड-दोन वर्षं चालतायत, कधी सदस्य नाही म्हणून तारीख, कधी स्टाफ नाही म्हणून, आणि ८,००० च्या बिलासाठी माणूस डोंबिवलीहून ठाण्याला हाफ डे टाकून येतो आणि पुढची तारीख घेऊन जातो, हे बघून राग येतो. एक बरंय, विरुद्ध पक्षाला लेखी उत्तराला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५, त्यापुढे आयोगालाही वाढवून देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. ४६ व्या दिवशी तो उत्तर घेऊन आला तर हरकत घ्या.

टँकला हात लावू नका. तुम्ही पाठवलेल्या क्लोजअपमध्ये तडा पट्टीच्या खालून निघून वरच्या कडेपर्यंत गेलेला स्पष्ट दिसतो, आणि पट्टीमागे सिलिकॉन अर्ध्या भागात लागलेलंच नाही, तिथे हवेचा फुगा तसाच आहे. हा फोटो म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार. दुसऱ्या एखाद्या टँक बनवणाऱ्याला घरी बोलवा, त्याला बघू दे, आणि त्याने काय पाहिलं ते प्रतिज्ञापत्रावर घ्या. तुम्ही आत्ता त्यावर नवं सिलिकॉन मारलंत तर उद्या समोरचा म्हणेल यांनी स्वतःच छेडछाड केली, माझं काम असं नव्हतंच.

आणि केस बाजूला ठेवली तरी परत सिलिकॉन मारून वापरू नका. मी काही काचवाली नाही, पण अशा केसेसमध्ये कारागिरांची उलटतपासणी घेऊन एवढं कळलंय की सिलिकॉन दोन काचांच्या कडा जोडायला असतं, लवचिक असतं, ते तडा धरून ठेवत नाही. तुमच्या टँकमध्ये काठोकाठ २५५ लिटर मावतं, म्हणजे अडीचशे किलो पाणी रात्रंदिवस त्या काचेला बाहेर ढकलतंय आणि दाब सगळ्यात जास्त तळाशी, नेमका तुमचा तडा होता तिथे. वापरायचाच तर पुरावे गोळा झाल्यावर ती अख्खी काच बदलून घ्या, तेवढ्याच जाडीची. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढायला सांगा कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही, आणि नवीन घेताना बुरशीरोधक औषध घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन नको, माशांना ते विष आहे. मग आठवडाभर सुकू द्या, मासे न टाकता बाल्कनीतच सपाट जागी, थर्माकोलवर ठेवून, थोडं थोडं पाणी वाढवत काही दिवस भरून ठेवा. दुकानातली तासाभराची लीक टेस्ट कशी असते ते तुम्ही भोगलंय. पंप-हीटरची वायर प्लगच्या खाली झोळ पडेल अशी सोडा म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटमध्ये जाणार नाही, आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन बंद करणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनला बघायला लावा.

खालच्या काकांचं. त्यांना दुकानदाराशी घेणंदेणं नाही, टँक तुमचा, पाणी तुमच्या घरातून आलं, त्यांचा दावा तुमच्यावरच येणार आणि तो बऱ्यापैकी मजबूत आहे. सोसायटीच्या गळतीच्या नियमात हे बसतं का याच्या भानगडीत पडू नका. ८५,००० योग्य आहेत की नाही मी सांगू शकत नाही, कॉन्ट्रॅक्टरचं बिल मागा, पडलेला तुकडा केवढा आणि अख्ख्या हॉलचं पीओपी धरलंय का ते बघा. पण एक लक्षात घ्या, पहिल्यांदा तुम्ही म्हणू शकता की दुकानदाराच्या लेखी भरवशावर विसंबलो. त्याच तड्यावर परत सिलिकॉन मारलंत आणि परत पाणी गेलं तर हे म्हणायला तोंड राहणार नाही, आणि त्या वेळी खाली पीओपीच्या जागी काकांचा नातू झोपलेला असू शकतो.

काकांना जे काही द्याल ते चेकने किंवा ऑनलाइन द्या, कशासाठी दिले आणि यापुढे मागणी नाही असं लिहून सही घ्या. ती पावती दुकानदाराविरुद्धच्या नुकसानीत आपण जोडू, आयोग त्यातले किती धरेल ते आत्ता सांगता येत नाही. २७ च्या आत पैसे देणं जमलं नाही तरी काकांची मागणी लेखी घेऊन तक्रारीत टाका, आणि बिलाची मागची बाजू आजच स्कॅन करून पाठवा, फोटोत मागे काहीतरी पेनाने लिहिलेलं उमटलेलं दिसतंय.