इंजिन बंद पडल्यावर छोटे विमान दगडासारखे कोसळते का?

गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमाने आपल्या शेतावरून रोज जातात आणि त्यांना एकच इंजिन असल्याने धास्ती वाटते, असे आपण लिहिले आहे. मी याच जिल्ह्यातला शेतकरी असून माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे, म्हणून उत्तर देतो.

विमान कोसळत नाही, ते घसरत उतरते. सेसना १७२ सारख्या विमानाचे नाक थोडे खाली करून सुमारे ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेग राखला, तर जमिनीपासून ३००० फुटांवरून वारा नसताना ते साधारण आठ किलोमीटर जाते आणि वैमानिकाला चारेक मिनिटे मिळतात. तेवढ्यात शेत हेरायचे, इंधनाचा कॉक दुसऱ्या टाकीकडे वळवायचा, इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो तपासायचे आणि इंधनात हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला गरम हवा द्यायची. दमट हवेत बाहेर २५ अंश तापमान असतानाही कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो, हे आमच्या पारावर अजून कोणाला पटलेले नाही.

खरी कसोटी शेत निवडण्यात असते. एकदा सरावात प्रशिक्षकांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा, मागे ओढून विचारले, "इंजिन गेले, आता कुठे उतरणार?" खाली एक काळेभोर, सपाट शेत दिसत होते, परंतु ती नांगरट होती आणि त्या ढेकळांत पुढचे चाक रुतून विमान उलटले असते, हे मला पुस्तकाने नव्हे, घरच्या शेतीने शिकवले होते. धानाच्या बांध्या लहान, त्यात मध्ये धुरे, म्हणजे बांध. म्हणून हरभरा निघालेले लांब रान धरले, आणि खूप खाली आल्यावर त्यात विहीर दिसली. विहीर म्हणजे मोटारपंप, आणि मोटारपंप म्हणजे विजेची तार. तार वरून दिसत नाही, खांब शोधावे लागतात. प्रशिक्षकांनी मुकाट्याने थ्रॉटल पुढे केले.

वाऱ्याची दिशा धसकटे जाळल्याच्या धुरावरून कळते, आणि ती महत्त्वाची असते, कारण ५० नॉटने टेकणारे विमान १० नॉटच्या वाऱ्यासमोर जमिनीवर ४० ने, तर पाठवाऱ्यात ६० ने धावते. वेग दीडपट झाला की जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. टेकण्याआधी इंधन व वीज बंद करून दारे किलकिली ठेवतात, म्हणजे सांगाडा वाकला तरी ती अडकत नाहीत. सर्वांत घातक चूक म्हणजे उड्डाण होताच इंजिन गेल्यास धावपट्टीकडे माघारी वळणे. त्या तीव्र वळणात वेग गमावून पंखाची उचल संपते आणि तेव्हा मात्र विमान खरोखर कोसळते.

आपल्या शेतात कधी विमान उतरलेच, तर मागच्या बाजूने जावे, नाकावरच्या थांबलेल्या पंख्यालाही हात लावू नये, बिडी विझवावी, कारण दोन्ही पंखांत पेट्रोल असते, आणि ११२ वर फोन करावा.