गारठ्यात समुद्रावर जावं का?

प्रश्न : ताई, आम्ही चौघी मैत्रिणी बऱ्याच वर्षांनी एकत्र समुद्रावर निघालोय. बुकिंगचे पैसे परत मिळणार नाहीत आणि नेमकी आत्ताच थंडीची लाट आली. दुपारीही १४ अंश, त्यात वारा. एक म्हणते रद्द करू, दुसरी म्हणते, काही झालं तरी मी पोहणारच. काय करावं?

उत्तर : अगं, जा की! १४ अंशांना कसलं घाबरायचं? किनाऱ्यावर माणूस गारठतो तो वाऱ्याने आणि ओल्या कपड्यांनी. अंगालगत ऊबदार हवेचा पातळ थर असतो, तो वारा सारखा उडवून लावतो. नुसता जाड स्वेटर घालून भागत नाही, कारण विणीतून वारा आरपार जातो. त्यावर विंडचीटर हवाच, पातळ असला तरी चालेल. जीन्स मात्र घरीच ठेवा. एका लाटेत भिजली की दिवसभर पायांना चिकटून बसते.

ऊन वर आलं की लगेच बाहेर पडा. दुपारी जमीन तापली की बहुधा समुद्रावरून वारा सुटतो. संध्याकाळी वाळूत बसायचं तर खाली जाड चटई घ्या. कोरड्या वाळूचा वरचा थरच काय तो तापतो आणि सूर्य कलला की बघता बघता गार पडतो. आणि हो, थंडी आहे म्हणून सनस्क्रीन विसरू नका, थंडीतही ऊन चेहरा भाजतंच.

आता तुमची पोहणारी. समुद्र हवेइतक्या लवकर गार होत नाही, त्यामुळे पाणी कदाचित हवेपेक्षा ऊबदारही लागेल. पण पाण्यात अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने जाते. गार पाण्यात एकदम उडी घेतली तर पहिल्या मिनिटभरात श्वास आवरत नाही, धाप लागते, आणि नेमकं तेव्हाच तोंडात पाणी गेलं तर चांगली पोहणारीही बुडू शकते. म्हणून उडी नाही, एकटीने तर नाहीच. आधी गुडघे, मग कंबर, श्वास शांत असेल तरच पुढे. धाप लागलीच तर हातपाय न मारता पाठीवर तरंगत राहायचं.

बाहेर आल्यावर आधी ओले कपडे बदलायचे, फोटो नंतर. ऊब यावी म्हणून दारूचा घोट मुळीच नको. त्याने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, ऊब आल्यासारखं वाटतं आणि आतली उष्णता मात्र निघून जाते. कुडकुडणं ठीक आहे, पण बटण लावता येईना किंवा जीभ जड झाली तर तिला तडक आत न्या, पांघरुणात गुंडाळा आणि डॉक्टरांना बोलवा.

रद्द करू म्हणणारीला पाण्यात ओढू नका बरं. टॉवेल घेऊन काठावर कुणीतरी लागतंच.